विश्लेषण : उतरण्याच्या तोंडावर मार्ग बदलला, तर वैमानिकांची कसोटी का लागते?

विमान उतरायला दहा-बारा मिनिटे उरलेली असतात. धावपट्टी ठरलेली असते, मार्ग संगणकात भरलेला असतो, ऑटोपायलट काम करत असतो. तेवढ्यात हवाई वाहतूक नियंत्रकाकडून, म्हणजे एटीसीकडून विचारणा होते : दुसऱ्या बाजूने उतरता येईल का? असे बदल जगभरातल्या विमानतळांवर रोज होतात आणि बहुतेक वेळा प्रवाशांना त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र विमान वाहतुकीच्या इतिहासातील काही भीषण अपघातांची सुरुवात अशाच साध्या विचारणेतून झाली आहे. अत्याधुनिक संगणक हाताशी असताना हा बदल अवघड का जातो, हे समजून घ्यायचे तर तीस वर्षांपूर्वीच्या एका अपघातापासून सुरुवात करावी लागते.

कालीच्या खोऱ्यात काय घडले?…

तारीख २० डिसेंबर १९९५. अमेरिकन एअरलाइन्सचे ९६५ क्रमांकाचे विमान मायामीहून कोलंबियातील काली शहराकडे निघाले होते. विमान बोइंग ७५७, आत १५५ प्रवासी आणि आठ कर्मचारी. नाताळच्या गर्दीत मायामीहून निघायलाच सुमारे दोन तास उशीर झाला होता.

काली शहर उत्तर-दक्षिण पसरलेल्या लांबट खोऱ्यात वसले आहे. दोन्ही बाजूंना अँडीजच्या रांगा. विमानतळाची धावपट्टी एकच, पण कोणत्या बाजूने उतरायचे त्यावरून तिला दोन क्रमांक आहेत. दक्षिणेकडून उत्तरेकडे उतरले तर ती ०१, उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरले तर १९. विमान उत्तरेकडून येत होते आणि वैमानिकांनी ०१ ची तयारी केली होती. म्हणजे विमानतळ ओलांडून पुढे जायचे, वळायचे आणि मग उतरायचे. रात्री ९ वाजून ३६ मिनिटांनी नियंत्रकाने विचारले, वारा शांत आहे, सरळ १९ वर उतरता का? वैमानिकांनी हो म्हटले. आधीच उशीर झालेला, त्यात काही मिनिटे वाचणार होती.

या होकारानंतर विमान डोंगरावर आदळेपर्यंत पाच मिनिटेही गेली नाहीत.

वळसा वाचला म्हणजे अंतर कमी झाले आणि विमान तर अजून खूप उंचावर होते. उंची झटपट कमी करण्यासाठी वैमानिकांनी पंखांवरचे स्पीडब्रेक उघडले. त्याच वेळी १९ क्रमांकाचा कागदी नकाशा काढायचा, त्यावरची ठिकाणे पाहायची आणि ती संगणकात भरायची, अशी कामे एकदम अंगावर आली. नव्या मार्गाचे पहिले ठिकाण होते तुलुआ, डोंगरांच्या मधून खोऱ्यात नेणारे एक रेडिओ केंद्र. पण थोड्याच वेळापूर्वी वैमानिकांनी संगणकाला ‘थेट काली’ असा आदेश दिला होता. तो मिळताच त्या काळच्या प्रणालीने मधली सगळी ठिकाणे पडद्यावरून पुसून टाकली होती. तुलुआही त्यात गेले. ते शोधण्याच्या खटपटीत विमान तुलुआ ओलांडून पुढेही निघून गेले.

मग धावपट्टीजवळच्या ‘रोझो’ या केंद्राकडे थेट जायचे ठरले. नकाशावर रोझोची खूण होती इंग्रजी ‘आर’ हे अक्षर. वैमानिकाने कीपॅडवर ‘आर’ टाइप केले. यादी आली, त्यातले पहिले नाव निवडले गेले. ते रोझो नव्हते. ते होते ‘रोमिओ’, राजधानी बोगोटाजवळचे केंद्र, कालीपासून १३२ सागरी मैल दूर. ऑटोपायलटने सांगितले तसे केले. अंधारात विमान हळूहळू डावीकडे, पूर्वेच्या डोंगरांकडे वळू लागले आणि वळताना खालीही येत राहिले.

काहीतरी चुकते आहे हे वैमानिकांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनी विमान उजवीकडे, पुन्हा कालीकडे वळवले. पण एव्हाना खोरे आणि विमान यांच्यामध्ये डोंगर उभा होता. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र वाजले ते धडकेच्या जेमतेम १२-१३ सेकंद आधी. वैमानिकांनी इंजिने पूर्ण ताकदीने चालवली, नाक वर खेचले. स्पीडब्रेक मात्र उघडेच राहिले. सुमारे ८,९०० फूट उंचीवर विमान डोंगराला धडकले. १६३ पैकी चार जण वाचले.

स्पीडब्रेक वेळीच बंद झाले असते तर विमानाने ते शिखर कदाचित ओलांडले असते, असे तपासात पुढे आले.

एका अक्षराने घोळ कसा झाला?…

डेटाबेसशी काम पडलेल्या कोणालाही हा प्रकार ओळखीचा वाटेल. नकाशा छापणाऱ्यांच्या लेखी रोझोचे नाव ‘आर’ होते. विमानातल्या संगणकाच्या डेटाबेसमध्ये मात्र रोझो आणि रोमिओ या दोघांची खूण आणि रेडिओ वारंवारिता एकच असल्याने ‘आर’ हे अक्षर रोमिओला देऊन टाकले होते. रोझो हवे असेल तर आर-ओ-झेड-ओ अशी चारही अक्षरे टाइप करणे भाग होते. हे वैमानिकांना समजेल असे कुठेही समोर लिहिलेले नव्हते. यादीत सर्वात जवळचे ठिकाण सर्वात वर येते, हा त्यांचा नेहमीचा अनुभव. त्यामुळे पहिले नाव म्हणजे रोझोच, हे त्यांनी गृहीत धरले.

यातली चूक वैमानिकांची होतीच. संगणकात काही बदलले की ते अमलात आणण्याआधी दोघांनी पडद्यावर पाहून खात्री करायची, हा नियम तेव्हाही होता. पण दोष एकट्या वैमानिकांच्या माथी मारून प्रकरण संपले नाही. कोलंबियाच्या तपास यंत्रणेने वैमानिकांच्या नियोजनाला आणि ऑटोमेशनच्या अपुऱ्या वापराला मुख्य कारण ठरवले, आणि मधली ठिकाणे पुसून टाकणारी संगणकाची रचना व नकाशा-डेटाबेसमधली नावांची तफावत यांचाही हातभार लागल्याचे नमूद केले. पुढे २००० साली फ्लोरिडातील ज्युरीने जबाबदारीची वाटणीच करून टाकली : विमान कंपनी ७५ टक्के, डेटाबेस तयार करणारी जेपेसन १७ टक्के आणि संगणक बनवणारी हनीवेल ८ टक्के.

नियंत्रकाची बाजूही ऐकण्यासारखी आहे. कालीचे रडार १९९२ मध्ये बंडखोरांनी उद्ध्वस्त केले होते. विमान कुठे आहे हे नियंत्रकाला पडद्यावर दिसतच नव्हते, वैमानिक सांगतील त्यावर भिस्त होती. वैमानिकांच्या काही विनंत्या आपल्याला विसंगत वाटल्या, समोरचा स्पॅनिश बोलणारा असता तर खोदून विचारले असते, पण नेहमीच्या ठरावीक वाक्यांपलीकडे इंग्रजीत तसे विचारणे जमण्यासारखे नव्हते, असे त्याने तपास अधिकाऱ्यांना सांगितले.

अंतर कमी झाले तर बिघडते कुठे?…

रस्त्यावर जवळचा रस्ता मिळाला की गाडीवाला खूश होतो. जेट विमानाचे तसे नाही. उतरत्या विमानाकडे उंची आणि वेग अशा दोन्ही रूपांत ऊर्जा साठलेली असते आणि धावपट्टीपर्यंत पोहोचताना ती संपवावी लागते. वैमानिकांचा ढोबळ हिशेब सोपा आहे. दर हजार फूट उंची उतरायला साधारण तीन सागरी मैल अंतर लागते.

समजा, विमान १८,००० फुटांवर आहे आणि मार्गाने ६० मैल बाकी आहेत. उतरायला ५४ मैल पुरतात, वेग कमी करायला थोडे उरतात. सगळे आलबेल. आता नियंत्रक म्हणतो, मधले टप्पे सोडा, थेट या. अंतर राहिले ४२ मैल. एका वाक्यात विमान चार हजार फूट ‘जास्त उंच’ झाले, जागचे हललेही नसताना.

इंजिने तर आधीच मंद करून ठेवलेली असतात, त्याहून कमी करता येत नाहीत. उतार तीव्र केला तर वेग वाढतो. वेग कमी करायचा तर नाक थोडे वर धरावे लागते, म्हणजे उतरणे मंदावते. जेट विमान एक तर खाली येते किंवा हळू होते, दोन्ही एकदम त्याला नीट जमत नाही. उरतात स्पीडब्रेक, लवकर उघडलेली चाके किंवा ‘आम्हाला थोडे फिरवून आणा’ ही विनंती.

हे सारे सांभाळत असतानाच संगणक मागतो ती माहिती त्याला द्यावी लागते. नवी धावपट्टी निवडा, तिकडे जाणारा मार्ग निवडा, जुन्या आणि नव्या मार्गात तुटलेली जागा जोडा, कोणत्या ठिकाणी किती उंची आणि किती वेग हे नकाशाशी ताडून पाहा. धावपट्टीची लांबी बदलली तर ब्रेकचा हिशेब बदलतो. उतरता आले नाही तर वर जाऊन कुठे वळायचे, तेही बदलते. मग या सगळ्याची दोघांनी मिळून तोंडी उजळणी. शांतपणे करायला हे काम काही मिनिटांचे आहे. मिनिटाला चार-पाच सागरी मैल वेगाने उतरणाऱ्या विमानात ती मिनिटेच नसतात.

संगणक मदत करतो की काम वाढवतो?…

दोन्ही. आणि कोणत्या वेळी काय करतो, यातच खरी मेख आहे.

अमेरिकी संशोधक अर्ल वीनर यांनी १९८९ मध्ये नासासाठी बोइंग ७५७ च्या वैमानिकांचा अभ्यास केला. काचेचे पडदे असलेली कॉकपिट तेव्हा नवी होती. यंत्राबाबत वैमानिकांच्या तोंडी तीन प्रश्न वारंवार येतात, असे त्यातून पुढे आले : हे काय करतेय? असे का करतेय? आणि आता पुढे काय करणार? वीनर यांनी अशा ऑटोमेशनला ‘ओबडधोबड’ म्हटले. काम कमी असते तेव्हा ते आणखी कमी करणारे आणि काम जास्त असते तेव्हा ते आणखी वाढवणारे. ३५ हजार फुटांवर तासन्‌तास सरळ उडताना संगणक जवळपास सगळेच सांभाळतो. जमीन जवळ येते, रेडिओवर गर्दी होते, मार्ग बदलतो, तेव्हा तोच संगणक वैमानिकाची मान खाली घालून टाइप करायला लावतो.

त्याआधी १९८३ मध्ये ब्रिटिश संशोधक लिझॅन बेनब्रिज यांनी कारखान्यांतील ऑटोमेशनविषयी लिहिताना हाच विरोधाभास मांडला होता. सोपी कामे यंत्राकडे जातात, माणसाकडे देखरेख आणि अवघड क्षण तेवढे उरतात. रोजच्या कामातून हाताला मिळणारा सराव मात्र सुटत जातो. विमानाबद्दलचा तो निबंध नव्हता, पण कॉकपिटला तो जसाच्या तसा लागू पडतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ऑटोमेशनमुळे विमानप्रवास अधिक सुरक्षित झाला आहे, याबद्दल वाद नाही. हे संगणक ठरलेली योजना काटेकोरपणे पार पाडण्यासाठी बनवलेले आहेत. योजनाच ऐनवेळी बदलली की अडचण सुरू होते.

केवळ कालीच नाही…

कालीच्या जवळपास चार वर्षे आधी, २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये असेच घडले होते. एअर इंटर कंपनीचे एअरबस ए-३२० लिऑनहून स्ट्रासबर्गला येत होते. वैमानिकांच्या मनात उतरण्याची एक पद्धत होती. ती वापरली तर थांबावे लागेल असे कळल्यावर नियंत्रकाच्या मदतीने दुसरी स्वीकारली गेली आणि तयारीला वेळ कमी पडला.

ए-३२० मध्ये उतरण्याचा दर दोन प्रकारे सांगता येतो, अंशांतल्या कोनाने किंवा मिनिटाला किती फूट अशा वेगाने. बटण एकच, प्रकार बदलण्याची कळ वेगळी. ३.३ अंशांचा हलका उतार अपेक्षित होता. पडद्यावर ‘३३’ हा आकडा आला, पण विमान दुसऱ्या प्रकारात होते, म्हणजे मिनिटाला ३,३०० फूट. अपेक्षेच्या चौपटीच्या आसपास. हीच सर्वात संभाव्य शक्यता म्हणून तपासात पुढे आली. विमान मॉन्ट सेंट-ओडिल डोंगरावर आदळले, ९६ पैकी ८७ जणांचा मृत्यू झाला. नंतर हा आकडा पूर्ण चार अंकांत दिसेल अशी सुधारणा झाली. इतका साधा बदल, पण त्यासाठी एवढी किंमत मोजावी लागली.

भारतानेही ए-३२० च्या ऑटोमेशनचा धडा फार लवकर घेतला. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बेंगळूरुला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फ मैदानावर कोसळले आणि १४६ पैकी ९२ जणांनी जीव गमावला. तिथे धावपट्टी ऐनवेळी बदलली नव्हती. मात्र विमान ज्या ‘मोड’मध्ये होते त्यात इंजिने मंद राहतात आणि वेग राखण्याचे काम उताराकडे जाते. वेग घसरत चालल्याचे लक्षात येईपर्यंत इंजिनांना पुन्हा ताकद घ्यायला वेळ उरला नाही. मोड कोणता आहे हे पडद्याच्या वरच्या पट्टीवर लिहिलेले असते. ती पट्टी मोठ्याने वाचायची सवय आज प्रशिक्षणात घोटून घेतली जाते, तिची मुळे अशा अपघातांत आहेत.

वैमानिक ‘नाही’ का म्हणत नाहीत?…

खरा प्रश्न हा आहे. नियंत्रकाची सूचना वैमानिकाला नाकारता येते. त्यासाठी रेडिओवर ‘अनेबल’ हा एकच अधिकृत शब्द आहे. विमानाच्या सुरक्षेचा अंतिम अधिकार कॅप्टनचा, हे जगभरचे तत्त्व आहे.

पण ‘अनेबल’ म्हटल्यावर काय होते? रांगेतली जागा जाते, आकाशात घिरट्या घालाव्या लागतात, इंधन जळते, पुढचे उड्डाण लांबते, कर्मचाऱ्यांच्या ड्युटीचे तास भरत येतात. ‘हो’ म्हटले तर लगेच फायदा दिसतो. शिवाय प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणून निभावलेलेच असते. शंभरदा जमलेले एकशे एकाव्या वेळी जमणार नाही, असे कोणाला वाटेल? काली अपघाताच्या अहवालातही उशीर टाळण्यासाठी चाललेली घाई हा एक हातभार लावणारा घटक म्हणून नोंदवला गेला आहे. ज्या क्षणी मनात गोंधळ सुरू झाला, त्या क्षणी उतरणे सोडून सुरक्षित उंचीवर जाता आले असते. तसे इशारे एकाहून अधिक मिळाले होते, तरीही प्रयत्न पुढे रेटला गेला.

ऐनवेळच्या बदलात संगणक मध्ये नसला तरी हा दबाव असतोच, हे कोझिकोडने दाखवले. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानात १९० जण होते. पावसात धावपट्टी २८ वर उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडावा लागला. त्यानंतर विरुद्ध बाजूने, म्हणजे धावपट्टी १० वर उतरायचे ठरले. उड्डाणाच्या तयारीतील दुसऱ्या विमानाला १० हवी होती. मात्र त्या बाजूने उतरताना वारा मागून येत होता. ८,८५८ फूट लांबीच्या टेबलटॉप धावपट्टीवर विमान ४,४३८ फूट आत टेकले, थांबू शकले नाही आणि दरीत गेले. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला.

विमान अपघात अन्वेषण विभागाच्या अहवालाने ठरलेली कार्यपद्धती न पाळणे आणि सहवैमानिकाने सांगूनही पुन्हा वर न जाणे हे मुख्य कारण दिले. पण मागून येणारा वारा आणि ओली धावपट्टी यांचा परिणाम लक्षात न घेता नियंत्रकाने घाईने धावपट्टी बदलल्याचीही नोंद त्यात आहे. ऐनवेळचा बदल सुचवणाऱ्यालाही त्याचे वजन कळायला हवे, ही त्यातली फारशी चर्चिली न गेलेली बाजू.

मुंबईत असे बदल का होतात?…

नियंत्रक हौसेने मार्ग बदलत नाहीत. वारा फिरतो, पुढचे विमान धावपट्टी रिकामी करायला वेळ लावते, एखाद्या विमानाला तातडीने उतरायचे असते, निघणाऱ्या विमानांची रांग वाढते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर तर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. ०९-२७ ही मुख्य आणि १४-३२ ही दुसरी. छेद असल्याने दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. एवढ्या व्यग्र विमानतळाचा भार प्रत्यक्षात एका वेळी एकाच धावपट्टीवर असतो.

त्यात मुंबईचा पावसाळा. जुलै २०१९ च्या पहिल्याच रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरले आणि ती काही दिवस बंद राहिली. अशा वेळी येणाऱ्या प्रत्येक विमानाचे नियोजन बदलते. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाल्याने एकाच महानगराच्या आकाशात दोन मोठ्या विमानतळांचे मार्ग आखावे लागणार, हेही आहेच. धावपट्ट्यांवरचा ताण त्याने हलका होईल, पण मार्गांची गुंफण सोपी होणार नाही.

मग कॉकपिटमध्ये उपाय काय?…

कालीनंतर अमेरिकन एअरलाइन्सने प्रशिक्षणाचा फेरविचार केला. कंपनीचे प्रशिक्षक कॅप्टन वॉरेन व्हँडरबर्ग यांचे १९९७ मधील एक व्याख्यान आजही वैमानिकांमध्ये पाहिले जाते. पडद्यावर संगणकाने आखलेला मार्ग जांभळट गुलाबी म्हणजे मॅजेंटा रंगाच्या रेषेने दिसतो. त्या रेषेमागे निमूट जाणाऱ्यांना त्यांनी ‘मॅजेंटाची मुले’ म्हटले. त्यांचा सल्ला थोडक्यात असा होता. ऑटोमेशनच्या पायऱ्या असतात आणि गोंधळ झाला की वर चढायचे नाही, एक पायरी खाली उतरायचे.

म्हणजे प्रत्यक्षात काय? मार्ग बदलला की संगणकात सगळे नव्याने भरत बसण्याऐवजी आधी समोरच्या पॅनलवरचे नॉब फिरवून विमानाला दिशा आणि उंची थेट द्यायची. ऑटोपायलट सुरूच राहतो, फक्त ‘या दिशेला जा, या उंचीवर थांब’ एवढेच ऐकतो. विमान सुरक्षित दिशेला लागले की मग टाइपिंग. तेही जमत नसेल तर ऑटोपायलट काढून हाताने उडवायचे. अंगठ्याखालचे एक बटण दाबले की झाले. ऐकायला सोपे असले तरी वर्षानुवर्षे स्क्रीनवर विसंबलेल्या हाताला ही पायरी उतरणे जड जाते. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनला विमान कंपन्यांना सूचना काढावी लागली, की योग्य त्या वेळी वैमानिकांना हाताने उडवण्यास प्रोत्साहन द्या.

कामाची वाटणीही ठरलेली असते. एक जण विमान उडवतो, दुसरा रेडिओ आणि संगणक सांभाळतो. दोघांचीही मान एकदम खाली जाता कामा नये. संगणकात केलेला बदल दुसऱ्याने पाहून ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय अमलात आणायचा नाही. कालीला नेमकी हीच साखळी तुटली. ‘आर’ निवडल्यावर पडद्यावरची रेषा बोगोटाच्या दिशेने वळलेली दिसत होती, कोणी तरी फक्त बघायला हवे होते.

अनुभवी वैमानिक आणखी एक करतात. विमान अजून उंचावर, निवांत असतानाच ‘आयत्या वेळी धावपट्टी बदलली तर कोणती मिळेल’ याचा अंदाज घेऊन तो दुसरा मार्गही संगणकात तयार ठेवतात. एअरबसमध्ये दुय्यम मार्गाची आणि अनेक बोइंग विमानांत दुसऱ्या मार्गाची सोय आहे. मग बदल आला तर टाइप करायचे फार काही उरत नाही. बदल अपेक्षेबाहेरचा असेल तर जास्तीचे दहा मैल मागायचे किंवा ‘अनेबल’ म्हणायचे. बहुतेक नियंत्रक त्यावर वाद घालत नाहीत, त्यांनाही नंतर होणाऱ्या गो-अराउंडपेक्षा आधीच ऐकलेला नकार परवडतो.

तंत्रज्ञानही गप्प बसले नाही. कालीच्या विमानातले इशारा यंत्र थेट खालची जमीन मोजत होते, समोरचा डोंगर त्याला दिसत नव्हता. नंतर जगभरच्या डोंगरांचा नकाशा साठवलेली आणि विमान कुठे चालले आहे ते पाहून बऱ्याच आधी सावध करणारी यंत्रणा आली. अमेरिकेने २००० मध्ये तिच्या सक्तीचा नियम केला. सर्व काही सुरळीत चाललेले विमान नकळत डोंगराला धडकण्याचे प्रकार त्यानंतर प्रवासी जेट विमानांच्या बाबतीत खूपच कमी झाले.

प्रवाशाला यातले काय जाणवते?…

उतरताना अचानक पंखांवरच्या पट्ट्या उभ्या राहून विमान थरथरू लागले, चाके नेहमीपेक्षा लवकर उघडल्याचा धडधडाट आला किंवा शहराची एक जास्तीची प्रदक्षिणा झाली, तर बऱ्याचदा कॉकपिटमध्ये हीच जुळवाजुळव सुरू असते. उंची खर्च केली जात असते किंवा वेळ मागून घेतलेला असतो.

धावपट्टी समोर दिसत असताना इंजिने एकाएकी गरजून विमान पुन्हा वर निघाले की केबिनमध्ये घबराट पसरते. बहुतेक विमान कंपन्यांचा नियम असा, की जमिनीपासून हजार फुटांवर वेग, उतार, चाके, फ्लॅप हे सारे ठरल्याप्रमाणे नसेल तर उतरायचे नाही. तो क्षण आला की कॅप्टन आणि सहवैमानिक यांपैकी कोणीही ‘गो अराउंड’ म्हणू शकतो आणि दुसऱ्याने ते मानायचे असते. त्यानंतर विमानाला रांगेत परत यायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात नवी धावपट्टी संगणकात नीट भरली जाते, नकाशाशी ताडली जाते आणि दोघांकडून मोठ्याने वाचली जाते.